टायर आतून तापतो

३० जुलै १९६१. अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात ब्रिस्टल इथे नव्यानं बांधलेल्या ट्रॅकवर पहिलीवहिली शर्यत लागली होती. अर्ध्या मैलाचा लंबगोल, फेऱ्या ५०० आणि ऐन उन्हाळा. ४२ गाड्या सुटल्या, शेवटपर्यंत टिकल्या १९. जिंकली जॅक स्मिथची पॉन्टियॅक, पण शेवटची रेषा ओलांडताना स्टिअरिंगवर जॅक स्मिथ नव्हताच. २९० फेऱ्यांत त्याचे तळपाय भाजून निघाले होते. तो उतरला आणि उरलेली शर्यत जॉनी ॲलननं पुरी केली.

पाय उन्हानं भाजले, असं पटकन वाटतं. पण ऊन पायाखालून येत नाही. इंजिनाचा जळका वायू नेणारे लालबुंद पाइप गाडीच्या पत्र्याच्या तळाखालून जातात, आणि पेट्रोलमधल्या ऊर्जेचा जेमतेम तिसरा हिस्सा गाडी पळवायला लागतो. बाकीची बहुतेक उष्णता होऊन बाहेर पडते. त्यातलीच काही स्मिथच्या बुटांत शिरली.

उन्हाळ्यातल्या शर्यतींबद्दल वाचताना ‘कडक ऊन होतं, म्हणून टायर गेले’ हे वाक्य हमखास भेटतं. त्यावर मला सविस्तर लिहायचं आहे, कारण टायरमधली उष्णता कुठून येते हे कळलं की शाळेत घर्षणाबद्दल शिकलेलं अर्धवट चित्र पूर्ण होतं.

आधी ट्रॅक बघू. ब्रिस्टलचा आजचा ट्रॅक ०.५३३ मैलांचा, म्हणजे साधारण ८५८ मीटरचा आहे. १९९२ पासून तो सिमेंट काँक्रीटचा आहे. वळणांवर रस्ता २४ ते २८ अंशांनी आत कललेला. स्टॉक कार, म्हणजे रोजच्या मोटारीसारखी दिसणारी शर्यतीची गाडी, एक फेरी पंधरा-सोळा सेकंदांत मारते, म्हणजे सरासरी वेग ताशी २०० किलोमीटरच्या आसपास.

एवढा उतार असल्यावर गाडी आपोआप वळत असेल, असा समज सर्रास आढळतो. हिशोब करून बघा. वळणाची त्रिज्या ७५ मीटर आणि उतार २७ अंश धरला, तर घर्षण अजिबात नसताना, नुसत्या उताराच्या जोरावर गाडी ताशी सुमारे ७० किलोमीटर वेगानं वळू शकते. (वेगाचा वर्ग = त्रिज्या × गुरुत्वत्वरण × उताराच्या कोनाचा टॅन्जंट.) लागणारं बल वेगाच्या वर्गानं वाढतं. ताशी १६० ला ते पाचपटीहून जास्त होतं. उरलेलं सगळं बल टायरनं द्यायचं, चार टायर जमिनीला टेकतात तेवढ्याच जागेतून. त्यातही सगळी वळणं डावीकडची असल्यानं भार उजव्या टायरांवर पडतो.

हे बल येतं कुठून? घर्षण वस्तू किती बलानं दाबली जाते यावर अवलंबून असतं, टेकलेल्या क्षेत्रफळावर नाही, असं आपण शिकलो. लाकडाच्या ठोकळ्याला ते लागू पडतं. रबर हा नियम पाळत नाही.

नोटांच्या पुडक्याला लावतात तसला जरा रुंद रबरबँड घ्या. झटकन ताणा आणि ताणलेलाच ओठाला लावा. कोमट लागेल. तसाच धरून थोडं थांबा, मग सैल सोडून लगेच ओठाला लावा. गार लागेल. ताणताना घातलेली ऊर्जा सोडताना परत मिळते, पण पूर्ण कधीच मिळत नाही. रबराचे लांबच लांब रेणू एकमेकांत गुंतलेले असतात आणि गंधकाच्या बंधांनी जागोजागी जोडलेले असतात. ताणल्यावर ते सरळ होतात, आणि परत जाताना एकमेकांना घासत, अडखळत, उशिरा जागेवर येतात. या उशिरात जी ऊर्जा हरवते, ती उष्णता होऊन रबरातच राहते.

आता काँक्रीटवर या. त्याचा प्रत्येक बारीक कण रबरात रुततो. टायर किंचित घसरतो तेव्हा कणावर चढणारं रबर दाबलं जातं आणि कण ओलांडून गेलेलं रबर मोकळं होतं. मोकळं झालेलं रबर तत्काळ पूर्वीच्या आकारात आलं असतं, तर दोन्ही बाजूंचा रेटा सारखा होऊन बेरीज शून्य झाली असती. पण ते उशिरा येतं. त्यामुळे कणाच्या एका अंगाला रबर घट्ट दाबलेलं, दुसऱ्या अंगाला सैल. हा एकतर्फी रेटा म्हणजे पकडीचा मोठा भाग. दुसरा भाग रबराचे रेणू पृष्ठभागाला थेट चिकटल्यानं मिळतो, आणि मऊ रबर जास्त जागी टेकतं, म्हणून तिथं क्षेत्रफळाला महत्त्व येतं.

मला या साऱ्यात सर्वांत सुंदर वाटतं ते हे, की रबरातली जी ऊर्जा वाया गेली असं आपण म्हणतो, तिच्याच जोरावर गाडी वळते. पकड हवी असेल तर टायर तापणारच.

किती तापलेला बरा, हा पुढचा प्रश्न. टायर सेकंदाला दोन मीटर घसरतोय आणि कण एक दशांश मिलिमीटर अंतरावर आहेत असं धरा. मग रबराचा एकेक ठिपका सेकंदाला २० हजार वेळा दबतो आणि सुटतो. रेणूंना सावरायला ५० मायक्रोसेकंद मिळतात. रबराला जलद दाबणं आणि थंड करणं यांचा परिणाम एकाच दिशेचा असतो, दोन्हीनं ते ताठर होतं. म्हणून त्या कंपनसंख्येला, अपेक्षित तापमानाला, ऊर्जेचा ऱ्हास भरपूर होईल असं मिश्रण रसायनतज्ज्ञ शोधतात. तापमान त्याहून बरंच खाली राहिलं तर रबर वाकण्याऐवजी फाटतं. बरंच वर गेलं तर रेणू इतके सुटे हलतात की ऱ्हास घटतो, पकड सुटते. आणखी वर गेलं तर टायरला फोड येतात.

१७ मार्च २०२४ ला ब्रिस्टलला याचं प्रात्यक्षिक सगळ्यांनी पाहिलं. गुडइयरचे टायर आदल्या सप्टेंबरात वापरले त्याच प्रकारचे होते, पण हवा गार होती. एरवी झिजलेलं रबर काँक्रीटवर चिकटतं, त्याची छिद्रं भरतं, आणि मग रबरावर रबर चालून झीज थांबते. त्या दिवशी खोडरबराचा निघतो तसा कोरडा चुरा निघाला आणि वळणाच्या बाहेरच्या कडेला जाऊन साचला. काँक्रीट उघडंच राहिलं आणि टायर खरवडत राहिलं. पन्नास फेऱ्यांच्या आतबाहेर टायर संपू लागले, प्रत्येक संघाला जादा संच द्यावा लागला. आघाडी ५४ वेळा बदलली आणि अखेर टायर जपून चालवणारा डेनी हॅमलिन जिंकला. ट्रॅकच्या आतल्या बाजूला चिकटपणासाठी लावलेलं रसायनही त्या वेळी बदललेलं होतं, त्यामुळे एकट्या थंडीला जबाबदार धरता येत नाही. पण त्याच वर्षी सप्टेंबरच्या उबदार रात्री तेच टायर आले, रबर छान चिकटलं, आणि ५०० पैकी ४६२ फेऱ्या काइल लार्सन एकटा पुढे होता. उष्णतेत टायर टिकले, गारठ्यात गेले.

या शर्यतींच्या जगात हिरव्या रंगाची गाडी आणि सालासकट शेंगदाणे अपशकुनी मानायची जुनी रीत आहे. आपल्याकडे बंपरला लिंबू-मिरची बांधतात. टायरच्या रेणूंना दोन्हीची खबर नसते, आणि त्या भरवशावर हवा न तपासता निघणाऱ्यांची मला खरोखर काळजी वाटते. समृद्धी महामार्गावर टायर फुटून झालेल्या अपघातांच्या बातम्या आपण वाचतो, आणि लगेच सल्ला येतो, ‘उन्हाळ्यात हवा कमी ठेवा.’ हा सल्ला धोकादायक आहे.

आकडे पाहा. २७ अंशांना ३० पीएसआय (हवेच्या दाबाचं एकक) हवा भरली आणि तापमान उन्हानं ४० अंश झालं, तर दाब सुमारे ३२ होतो, दोनच पीएसआयची वाढ. शर्यतीत टायर स्वतःच्या वाकण्यानं ९७ अंशांवर गेला, तर तोच दाब ४० च्या पुढे जातो. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक चक्राला जास्त दुमडते, जास्त तापते, आतले थर सुटू लागतात. शर्यतीतले संघ पकड वाढावी म्हणून दाब मुद्दाम कमी ठेवतात, आणि कधीकधी त्याची किंमत फुटलेल्या टायरनं मोजतात.

‘नायट्रोजन भरा, टायर तापणारच नाही’ हा पंपावरचा प्रचारही तसाच पोकळ. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो, आणि तापल्यावर दोन्ही सारखेच फुगतात. शर्यतीत तो वापरतात कारण तो कोरडा असतो. हवेतल्या बाष्पामुळे दाबाचा अंदाज चुकतो, आणि तिथं अर्ध्या पीएसआयनंही गाडीचं वळणं बदलतं.

गाडीच्या दारावरच्या पट्टीवर दिलेला दाब थंड टायरचा असतो. तो सकाळी, गाडी निघण्याआधी तपासावा. दोन तास पळून आल्यावर ३० ऐवजी ३६ दिसले म्हणून हवा सोडून ३० वर आणली, तर रात्री टायर निवल्यावर तीच हवा २५ च्या आसपास भरेल, आणि दुसऱ्या दिवशी टायर आदल्या दिवसापेक्षा जास्त तापेल.