फुलांचा गार ग्रीन टी लाटे

फुलांचा गार ग्रीन टी लाटे : हिरव्या चहाची पूड किंवा दाट अर्क, थंड दूध, बर्फ आणि फुलांचे पाणी अथवा पाक यांपासून घरी करता येणारे उन्हाळी पेय. ‘लाटे’ हा इटालियन शब्द, अर्थ नुसता ‘दूध’. मराठवाड्यात हे पेय शहरांतल्या कॅफेंतून आणि मोबाइलवरच्या व्हिडिओंतून घरात आले. पाहुण्याला ‘चहा ठेवते’ म्हटले की इथे आले घालून, दूध-साखरेसह खळखळ उकळलेला चहाच अपेक्षित असतो. त्यामुळे चहा उकळायचाच नाही, ही गोष्ट घरातल्या मोठ्यांच्या गळी उतरवणे हेच यातले अवघड काम. बाकी कृती परकी नाही. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा माठात वाळ्याची जुडी किंवा मोगऱ्याची फुले टाकणाऱ्या घरांना फुलांनी पाणी वासवणे नव्याने शिकावे लागत नाही.

चहा : काळा आणि हिरवा चहा एकाच झाडाचा (कॅमेलिया सायनेन्सिस). हिरव्या चहाची पाने खुडल्यावर लगेच वाफ किंवा उष्णता देतात, म्हणून ती काळी पडत नाहीत. लाटेसाठी वापरतात ती पूड म्हणजे जपानी माचा. खुडणीआधी साधारण तीन-चार आठवडे झाडांवर सावली धरतात. त्याने पानातले हरितद्रव्य आणि चवीला गोडसरपणा देणारे थिअनिन वाढते. मग शिरा-देठ काढून पाने दगडी जात्यावर दळतात. जाते मुद्दाम हळू फिरवतात, कारण घासून तापले तर वास जातो. तासाभरात जेमतेम ३०-४० ग्रॅम पूड पडते. पहाटे जात्यावर बसलेल्या पिढीला हे सांगितले की ती हसते. चहा कुटून, घुसळून पिण्याची रीत चीनची. ती जपानात रुजवण्याचे श्रेय ११९१ मध्ये चीनहून परतलेल्या एइसाइ या झेन पंथाच्या बौद्ध भिक्षूला देतात. क्योटोजवळचे उजी हे शहर या चहासाठी प्रसिद्ध आहे.

चांगली पूड पोपटी असते. उजेड, हवा आणि उष्णता लागली की ती पिवळट-शेवाळी होते आणि तोंडात गवत चघळल्यासारखी लागते. वैशाखातल्या स्वयंपाकघरात ओट्यावरच्या डब्यात तिचा टिकाव लागत नाही. घट्ट झाकणाच्या डब्यात, फ्रीजमध्येच ठेवावी. डबा बाहेर काढल्यावर लगेच उघडू नये, आत दव धरून गुठळ्या होतात. माचा महाग वाटला तर आसाम किंवा निलगिरीचा पानांचा ग्रीन टी चालतो. तो पाण्यात घालून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवावा. गार पाण्यात कडवट, तुरट द्रव्ये कमी उतरतात, त्यामुळे पाने दुप्पट घातली तरी चहा कडू होत नाही.

पाणी : कृती सांगणारे सहसा पाण्याबद्दल बोलत नाहीत, मराठवाड्यात मात्र सगळे तिथेच अडते. बोअरचे पाणी बहुतेक ठिकाणी जड. त्यातला कॅल्शियम चहातल्या द्रव्यांशी जुळतो, चहाचा रंग मळतो आणि वर तेलकट दिसणारी साय धरते. दूध-साखरेच्या उकळीत हे खपून जाते, हिरव्या चहात लपत नाही. डाळ लवकर न शिजणारे पाणी या चहालाही नको, एवढी खूण पुरे. जारचे किंवा फिल्टरचे पाणी घ्यावे, आणि बर्फही त्याच पाण्याचा करावा. चहा चांगल्या पाण्याचा आणि बर्फ बोअरचा असला तर अर्ध्या ग्लासानंतर खारट चव येतेच.

पाणी ७५ ते ८० अंश गरम हवे. थर्मामीटर कोणाच्या घरात असतो? तीन वाट्या उकळत्या पाण्यात एक वाटी माठातले पाणी घातले की साधारण तेवढे होते.

फुले : मोगरा (जास्मिनम सँबॅक) हे यासाठी सगळ्यांत सरस फूल. चीनमधला जास्मिन चहाही याच फुलाने वासवतात : दिवसा खुडलेल्या कळ्या रात्री उमलू लागल्या की त्या चहाच्या पानांत मिसळतात. आपल्याकडे गजऱ्याच्या कळ्याही संध्याकाळच्या आत खुडतात, कारण तेच. दिवेलागणीला पंधरा-वीस कळ्या धुऊन दोन वाट्या गार पाण्यात तरंगत ठेवाव्यात, वर ताटली झाकावी. रात्री दहाच्या सुमारास ताटली उचलली तर कळ्यांची तोंडे सैल झालेली दिसतात आणि ताटलीच्या खालच्या थेंबांनाही वास येतो. सकाळी पाणी गाळून घ्यावे. फुले तशीच राहिली तर पाकळ्या तपकिरी पडतात आणि वास कुजका होतो. हे पाणी गरम करू नये. गरम केले की रात्रीची मेहनत वाफेबरोबर जाते. चहाची पूड साध्या गरम पाण्यात कालवून मोगऱ्याचे पाणी मागाहून घालावे.

गुलाब हवा तर गावठी, गुलाबी, दाट पाकळ्यांचा. घरचा गुलकंद सगळ्यांत सोपा : चमचाभर गुलकंद थंड दुधात चुरून गाळला की पाक वेगळा करावा लागत नाही. पानपट्टीवरचा गुलकंद मात्र नको, त्यातल्या बडीशेप-वेलदोड्यापुढे चहा मागे पडतो. कुंपणावरच्या गोकर्णाला वास जवळजवळ नसतो, रंग मात्र निळाभोर; पाच-सहा फुले कोमट पाण्यात ठेवली की पुरे. अंबाडीच्या बोंडांचा लालबुंद रंग पाहून मोह होतो. आमच्या घरी तो झाला आणि ग्लासात पाणी वेगळे, चोथा वेगळा असा प्रकार झाला. अंबाडी आंबट असते, दूध फाटणारच. लिंबाचेही तेच.

हार-गजऱ्यांसाठी विकायला आलेली फुले वापरू नयेत, त्यांवर फवारणी झालेली असते. कण्हेर आणि बिट्टी दिसायला कितीही सुरेख असली तरी विषारी आहेत. सजावटीलाही ग्लासाजवळ आणू नयेत.

कृती : एका ग्लासाला सपाट चमचाभर, म्हणजे साधारण २ ग्रॅम पूड लागते. ती चहाच्या कोरड्या गाळणीतून वाटीत चाळावी. आधी दोनच चमचे गरम पाणी घालून लेप करावा, मग उरलेले पाव वाटी. पिठल्याचे बेसन कालवताना जो क्रम, तोच इथे. एकदम पाणी ओतले की गुठळी होते आणि ती शेवटच्या घोटात भेटते. जपानात हे बांबूच्या बारीक काड्यांच्या घुसळणीने करतात. घरची रवी वाटीत मावत नाही. घट्ट झाकणाच्या बरणीत घालून अर्धा मिनिट हलवले तरी छान फेस येतो, फक्त गरम वाफेने झाकण उडू नये म्हणून मिश्रण आधी कोमट होऊ द्यावे. शेवटी त्यात पाव वाटी मोगऱ्याचे पाणी मिसळावे.

दूध तापवून, पूर्ण गार करून, साय काढलेले घ्यावे. म्हशीच्या दुधात स्निग्धांश गायीच्या दुधाच्या जवळजवळ दुप्पट. गारठल्यावर सायीचे कण जिभेला लागतात, म्हणून ते गाळून घ्यावे. दुधातले प्रथिन चहातल्या तुरट द्रव्यांना धरून ठेवते, त्यामुळे दुधात हा चहा मवाळ लागतो. मात्र दूध वाटीभराहून जास्त झाले तर चहा फक्त रंगापुरता उरतो.

ग्लासात आधी साखरेचा पाक किंवा गुलकंदाचे दूध, मग साधे दूध, काठोकाठ बर्फ आणि शेवटी हिरवा चहा बर्फाच्या खड्यावरून हळूहळू सोडावा. गोड भाग जड म्हणून तळाशी राहतो आणि थर दिसतात. फोटो झाला की ढवळावे. न ढवळता पिणाऱ्याला आधी कडू आणि शेवटी नुसती साखर मिळते.

सेवन : यातले कॅफिन नेहमीच्या कपभर चहाच्या आसपास किंवा थोडे जास्तच असते, तेव्हा हे रात्रीचे पेय नव्हे. चहा अन्नातले लोह नीट शोषू देत नाही, म्हणून जेवणाबरोबर घेऊ नये. वजन उतरते म्हणून पिणाऱ्यांनी तळाचा पाक आठवावा.

दुपारी लाइट गेली की बर्फाचे पाणी व्हायला वेळ लागत नाही आणि लाटे पांचट होतो. त्यावर उपाय म्हणजे उरलेले मोगऱ्याचे पाणी रात्रीच बर्फाच्या साच्यात ओतून ठेवणे : तो बर्फ वितळला तरी ग्लासात पाण्याबरोबर वासही उतरतो.