काना गावचं लग्न : ख्रिस्ती श्रद्धेतला नवरदेव आणि द्राक्षारस

गालीलातल्या काना गावी एका लग्नात येशूने पाण्याचा द्राक्षारस केला, ही घटना बायबलमध्ये फक्त योहानाच्या शुभवर्तमानात, म्हणजे त्याने लिहिलेल्या येशूच्या चरित्रात येते (अध्याय २, वचनं १ ते ११). मत्तय, मार्क, लूक या बाकीच्या तीन शुभवर्तमानकारांकडे ती नाहीये. योहान तिला येशूच्या चिन्हांपैकी पहिलं चिन्ह म्हणतो, आणि चिन्ह म्हटल्यावर ते कशाचं हे बघायलाच हवं. बरेच जण इथे फक्त चमत्कार बघतात नाहीतर ख्रिस्ती माणसाने प्यावं की नाही यावर वाद घालत बसतात, पण खरा प्रश्न असा आहे की या लग्नातला नवरदेव कोण?

गोष्ट छोटीशीच आहे. लग्नाला येशूची आई मरिया आहे, येशू आणि त्याचे शिष्यही आहेत, आणि मध्येच द्राक्षारस संपतो. त्या काळी यहुदी लग्नाची मेजवानी सात-सात दिवस चालायची, सगळं गाव जेवायला, त्यामुळे मध्येच काही कमी पडलं तर त्या घराची लाज जायची. मरिया येशूला एवढंच सांगते की त्यांच्याकडे द्राक्षारस नाही. माझी वेळ अजून आलेली नाही असं तो म्हणतो, तरी ती नोकरांना सांगून ठेवते की हा जे काही सांगेल ते करा. शुभवर्तमानांत मरियेच्या तोंडी आलेलं हे शेवटचं वाक्य, आणि कॅथलिक भक्तीत त्याला फार मान आहे.

तिथे सहा दगडी रांजण होते. मातीचं भांडं धर्मनियमाने अशुद्ध झालं की फोडावं लागायचं, दगडाला मात्र विटाळ लागत नाही असं यहुदी लोक मानायचे, म्हणून हातपाय धुवायच्या शुद्धीकरणाच्या पाण्यासाठी दगडी भांडी वापरायचे. मऊ चुनखडीचा दगड कोरून आणि चरकावर फिरवून ती बनवत, आणि नाझरेथच्या आसपास अशी भांडी घडवायच्या त्या काळातल्या जागा उत्खननात सापडल्यात, म्हणजे योहानाने दिलेला तपशील त्या मातीतलाच आहे. एकेका रांजणात साधारण ८० ते १२० लिटर पाणी मावायचं, म्हणजे सहा मिळून ५०० लिटरच्या आसपास किंवा त्याहून जास्तच. नोकर ते अगदी काठोकाठ भरतात, काढून भोजनकारभाऱ्याकडे नेतात, तो चाखतो आणि थेट नवरदेवाला बोलावून म्हणतो की लोक चांगला द्राक्षारस आधी वाढतात, तू मात्र आत्तापर्यंत राखून ठेवलास!

इथेच सगळी मेख आहे. कारभारी ज्याला शाबासकी देतो त्याने काहीच केलेलं नाही, नवरदेवाचं काम येशूने केलंय, आणि हे फक्त नोकरांना माहितीये. त्या नवरदेवाचं नावसुद्धा योहान सांगत नाही, नवरीचा तर उल्लेखच नाही. पुढच्याच अध्यायात बाप्तिस्मा करणारा योहान (हा शुभवर्तमान लिहिणाऱ्यापेक्षा वेगळा) स्वतःला नवरदेवाचा मित्र म्हणतो, म्हणजे नवरदेव येशूच, आणि चौथ्या अध्यायात येशू याकोबाच्या विहिरीवर शोमरोन प्रांतातल्या एका बाईशी बोलतो. जुन्या करारात, म्हणजे बायबलच्या येशूआधीच्या भागात, रिबेका, राहेल आणि सिप्पोरा या तिघींची लग्नं विहिरीवरच्या भेटीतून जुळलेली, त्यामुळे हा धागा जुना करार वाचलेल्याच्या लगेच लक्षात येतो.

देव हा नवरा आणि त्याची प्रजा ही नवरी, ही कल्पना संदेष्ट्यांच्या लिखाणात आधीपासून होती. होशेयने बेइमान बायकोला परत घरी घेणाऱ्या नवऱ्याच्या रूपात देव दाखवला, नवरा नवरीवरून हरखतो तसा देव तुझ्यावरून हरखेल असं यशया ६२ मध्ये आहे. द्राक्षारसाचंही तसंच, तारणाचा दिवस येईल तेव्हा डोंगरांवरून द्राक्षारस पाझरेल असं आमोस म्हणतो आणि यशया २५ मध्ये देव सगळ्या राष्ट्रांना जुन्या, गाळलेल्या द्राक्षारसाची मेजवानी देतो. कानाचे ते भरलेले रांजण म्हणजे ही दोन्ही वचनं एकाच अंगणात आली असं ख्रिस्ती वाचक मानतात. मोशेने पाण्याचं रक्त केलं तर येशूने द्राक्षारस केला, ही तुलनाही जुनीच. आणि संत ऑगस्टिनने म्हटलंय की देव दरवर्षी द्राक्षवेलींमध्ये पावसाच्या पाण्याचा द्राक्षारस करतोच, रोजचं असल्यामुळे आपल्याला त्याचं नवल वाटत नाही. मला हे फार पटतं.

माझी वेळ अजून आलेली नाही असं येशू म्हणाला होता, ती ‘वेळ’ म्हणजे योहानाच्या भाषेत क्रुसाची वेळ. तिथेही मरिया हजर आहे, आणि येशूच्या कुशीतून रक्त आणि पाणी वाहतं. त्यामुळे कानाचा द्राक्षारस येशूने मरणाआधी शिष्यांबरोबर केलेल्या शेवटच्या भोजनातल्या प्याल्याशी जोडला जातो, आणि मिस्सामध्ये, म्हणजे त्या भोजनाची आठवण करणाऱ्या कॅथलिक उपासनेत, फादर प्याल्यातल्या द्राक्षारसात पाण्याचा थेंब मिसळतात तेव्हा ख्रिस्ताच्या दैवी जीवनात माणसाला वाटा मिळावा अशी प्रार्थना हळू आवाजात करतात. शेवट प्रकटीकरण या बायबलच्या शेवटच्या पुस्तकात, १९ व्या अध्यायात कोकऱ्याचं, म्हणजे ख्रिस्ताचं लग्न आणि २१ व्यात नवरीसारखं सजलेलं नवं यरुशलेम. पौलाने इफिसकरांना लिहिलेल्या पत्रात नवरा-बायकोचं नातं ख्रिस्त आणि मंडळीच्या नात्यावरून समजावलं, म्हणून कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये लग्न हा संस्कार आहे, प्रोटेस्टंट त्याला पवित्र मानतात पण संस्कारांत धरत नाहीत.

ऑर्थोडॉक्स लग्नात कानाचाच उतारा वाचतात आणि नवरा-नवरी एकाच प्याल्यातून द्राक्षारस पितात. पोप जॉन पॉल दुसरे यांनी २००२ मध्ये जपमाळेच्या प्रार्थनेत प्रकाशाची रहस्यं, म्हणजे येशूच्या आयुष्यातले मनन करायचे प्रसंग घातले, त्यात दुसरं रहस्य कानाचं लग्न आहे, त्यामुळे वसई-गोव्याच्या घरांत गुरुवारी संध्याकाळी ते म्हटलं जातं. बऱ्याच प्रोटेस्टंट मंडळ्यांत मात्र प्रभुभोजनाला, म्हणजे शेवटच्या भोजनाची आठवण करणाऱ्या विधीत, न आंबवलेला द्राक्षांचा रस देतात. १८६९ मध्ये अमेरिकेत थॉमस वेल्च या मेथडिस्ट माणसाने रस तापवून तो न आंबता टिकवायची पद्धत वापरली, त्यानंतर हा रिवाज पसरत गेला.

ते गाव नक्की कुठलं यावर एकमत नाही. यात्रेकरू इस्रायलमधल्या कफर कन्नाला जातात, तिथे फ्रान्सिस्कन या कॅथलिक संन्यासी संघाचं चर्च आहे आणि लग्नाला कितीतरी वर्षं झालेली जोडपी तिथे पुन्हा लग्नाच्या शपथा घेतात. बऱ्याच पुरातत्त्वज्ञांचा कल मात्र उत्तरेकडच्या खिर्बेत काना या उजाड टेकडीकडे आहे.