चंद्र (टॅरो कार्ड)

चंद्र म्हणजे द मून, हे टॅरोच्या, म्हणजे भविष्य बघायला वापरतात त्या चित्रांच्या पत्त्यांच्या, मेजर अर्कानामधलं (मुख्य पत्त्यांमधलं) 18 नंबरचं कार्ड. पूर्ण डेक 78 पत्त्यांचा, त्यातले 22 मेजर अर्काना, आणि त्या ओळीत चंद्राच्या आधी 17 वर तारा येतो, नंतर 19 वर सूर्य.

टॅरो मुळात भविष्य बघायचं साधन नव्हतंच, 15व्या शतकात उत्तर इटलीत लोक हे पत्ते चक्क खेळायचे, भविष्य सांगायला वापर सुरू झाला तो 18व्या शतकाच्या शेवटी फ्रान्समध्ये. आज बहुतेकांच्या हातात असतो तो 1909 ला लंडनमध्ये निघालेला डेक. कल्पना गूढविद्येवर लिहिणाऱ्या आर्थर वेटची, चित्रं पामेला कोलमन स्मिथची, पण बरीच वर्षं डेकला नाव फक्त प्रकाशक रायडर आणि वेटचं होतं. स्मिथबाईंचं नाव आता जोडतात ते योग्यच आहे, चित्रं त्यांनी काढलीत.

चित्रात वर चेहरा असलेला चंद्र, खाली पाणी, पाण्यातून वर येणारा क्रेफिश (शेवंडीच्या जवळचा जीव), काठावर भुंकणारा कुत्रा आणि लांडगा, आणि मधून एक वाट दोन बुरुजांच्या पलीकडे डोंगरात गेलेली. कुत्रा म्हणजे माणसाळलेलं मन, लांडगा म्हणजे रानटी, आणि क्रेफिश म्हणजे तळातून वर आलेली भीती, असा अर्थ लावतात. कोकणातल्या माणसाला हे फार समजवावं लागत नाही, कारण पौर्णिमा-अमावास्येला उधाण आलं की खाडीचं पाणी कुठवर चढतं ते आपण लहानपणापासून बघतो, आणि रात्री सड्यावर कोल्हेकुई सुरू झाली की गावातली कुत्री कशी ओरडतात तेही.

माझ्या मते या कार्डाला आपल्याकडचा सगळ्यात जवळचा शब्द चकवा. रोजचीच पायवाट, पण रात्री माणूस फिरून फिरून त्याच झाडाखाली येतो, आणि जुनी माणसं सांगतात की चकवा लागला तर धावायचं नाही, तिथेच बसून राहायचं, तांबडं फुटलं की वाट दिसते. कार्डाचा अर्थ नेमका हाच, दिसतंय ते अर्धवट आहे, भास आणि खरं यात गल्लत होतेय, तेव्हा सही, व्यवहार, भांडण जरा थांबवा, पण वाट नाहीच असं समजू नका, ती चित्रातसुद्धा आहे. काहीजण हे कार्ड निघालं की घाबरवतात, कोणीतरी फसवतंय म्हणून सांगतात, ते मला पटत नाही, बऱ्याचदा फसवणारी आपलीच भीती असते.

कार्ड उलटं आलं तर धुकं विरतंय, लपलेली गोष्ट उघड होतेय असं धरतात.

देवळात कौल लावताना मूर्तीला चिकटवलेली उजवीकडची पाकळी पडली की साधारण होय समजतात. चंद्राचं कार्ड तसं होय-नाही सांगत नाही, म्हणून "लग्न ठरेल का" असं विचारल्यावर हे निघालं तर "मला त्या स्थळाबद्दल नेमकं काय माहीत नाही" असा प्रश्न बदलून घ्यावा.