माती धुणं वेगळं आणि बॅक्टेरियाला खायला मिळणं वेगळं

सरफॅक्टंट, म्हणजे तेल पाण्यात मिसळायला लावणारा साबणासारखा पदार्थ, म्हटलं की लोक साबणाचंच गणित लावतात, जास्त घातला की जास्त साफ. तेलाने किंवा पीएएचने (जोडलेल्या कार्बन-कड्यांच्या संयुगांनी) खराब झालेल्या मातीत तो दोन वेगळ्या कामांना वापरतात आणि सतत एकाचा डोस दुसऱ्याला लावलेला दिसतो, खरंच जीव कळवळतो.

सॉइल वॉशिंग तुम्हाला माहीतच असेल. प्रदूषक मातीतून सोडवून पाण्यात आणायचा, ते पाणी बाहेर काढून वेगळी ट्रीटमेंट द्यायची. तिथे बॅक्टेरियाचं काम नाही, डोस सढळ चालतो. बायोरेमेडिएशनमध्ये तोच प्रदूषक तिथल्या तिथे बॅक्टेरियाने खाऊन संपवायचा असतो.

आता खरी गडबड. पाण्यात उतरलं म्हणजे बॅक्टेरियाला मिळालं असं नाही! फेनान्थ्रीन हा एक पीएएच घ्या, लिटरभर पाण्यात जेमतेम १ मिलिग्रॅमच्या आसपास विरघळतं. सरफॅक्टंट सीएमसीच्या, म्हणजे गोळे बनायला लागतात त्या प्रमाणाच्या, वर गेला की त्याचे रेणू शेपट्या आत करून गोळे बनवतात, म्हणजे मायसेल, आणि फेनान्थ्रीन त्या गोळ्यांच्या पोटात जाऊन बसतं. मग पाण्याच्या सॅम्पलमध्ये आकडा कितीतरी पट वाढलेला येतो आणि लोक खूश होतात, पण बरेच बॅक्टेरिया गोळ्याबाहेर मोकळं विरघळलेलंच उचलतात, आतलं बाहेर येईपर्यंत त्यांना थांबावं लागतं. काही जातींना मायसेलमधलंही घेता येतं, ते जात आणि सरफॅक्टंटची जोडी कशी जमते त्यावर आहे. १९९१ मध्ये लाहा आणि लूथी या संशोधकांनी माती-पाण्याच्या मिश्रणात हेच दाखवलं: नॉन-आयॉनिक (विद्युतभार नसलेला) सरफॅक्टंट सीएमसीच्या वर असताना फेनान्थ्रीनचं विघटन अडलं. पुढे पातळ करून सीएमसीच्या खाली आणल्यावर ते परत सुरू झालं, म्हणजे बॅक्टेरिया मेले नव्हते, नुसते अडले होते.

सीएमसीच्या खालीही फायदा होतोच, तेल आणि पाण्यामधला ताण कमी होतो, बारीक छिद्रांत अडकलेलं तेल सुटतं. फक्त पुस्तकातला सीएमसी स्वच्छ पाण्यातला असतो, मातीत बराच सरफॅक्टंट कणांनाच चिकटून जातो. म्हणून त्याच मातीच्या पाण्याचा पृष्ठताण मोजा, साध्या पाण्याचा ७२ मिलिन्यूटन प्रति मीटरच्या आसपास असतो, डोस वाढवत जाताना तो उतरायचा थांबला की सीएमसी आला.

कॅटायॉनिक (धनभार असलेला) सरफॅक्टंट नकोच, चिकणमातीला चिकटतो आणि बॅक्टेरियाही मारतो. एसडीएस हा ऋणभार असलेला सरफॅक्टंट सहज पचणारा, त्यामुळे बॅक्टेरिया आधी तोच खात बसू शकतात. माझी पसंती बॅक्टेरियाच बनवतात त्या रॅम्नोलिपिड सरफॅक्टंटला, पण "नैसर्गिक आहे, कितीही घाला" हे ऐकलं की डोकं उठतं, मायसेल त्याचेही होतात.

आणि कृपा करून शेजारी सरफॅक्टंट न घातलेला एक कंट्रोल ठेवा, दोन्हीकडे मातीत किती प्रदूषक उरला ते मोजा. कित्येकदा अडचण ऑक्सिजन नाहीतर नायट्रोजनची असते आणि मग दोन्ही आकडे सारखेच येतात.