१०७ आणि शून्य: बॅक्टेरिया खरंच औषधाला 'सरावतात' का?

अँटिबायोटिक लागू पडेनासं झालं की आपण सहज म्हणून जातो, जंतूंना औषधाची सवय झाली. रोजच्या बोलण्यात हे चालून जातं, पण या एवढ्याशा वाक्यात केवढा मोठा दावा आहे बघा: आधी औषध आलं, मग त्याच्याशी झगडता झगडता जंतू बदलला. आता दुसरी शक्यता घ्या. कोट्यवधी जंतूंमध्ये दोन-चार असे आधीपासूनच होते ज्यांच्यावर औषधाचा परिणाम होत नाही, औषधाने बाकीचे मारले आणि या दोन-चारांना मोकळं रान मिळालं. दोन्हीत शेवटी दिसतं ते एकच, जिवंत राहिलेले जंतू. औषध टाकल्याशिवाय कोण टिकणारा आहे ते कळत नाही, आणि औषध टाकलं की तो आधीच तसा होता की आत्ता झाला हे सांगायला कोणी उरत नाही.

१९४० च्या सुमारास बॅक्टेरियावर काम करणारे लोक याच पेचात अडकलेले होते. माश्या, मका यांच्यात जीन्स (गुण ठरवणारे वारशाचे घटक) असतात, त्यात म्युटेशन (म्हणजे अचानक झालेला बदल) होतं, ते पुढच्या पिढीत जातं हे तोपर्यंत पक्कं झालं होतं, पण बॅक्टेरियामध्ये ना केंद्रक दिसत होतं ना नर-मादीसारखं काही माहीत होतं, त्यामुळे यांना आपल्यासारखे जीन्स आहेत तरी का, असं बरेच जण विचारत होते. ऑक्सफर्डचे सिरिल हिन्शेलवूड यांच्यासारखा मोठा केमिस्ट (१९५६ चं नोबेल यांना मिळालं, वेगळ्या कामासाठी) तर ठामपणे सांगायचा की औषध आलं की पेशीच्या आतलं रसायनांचं गणित हळूहळू नव्याने जुळतं आणि पेशी सरावते. हे काही वेडगळ मत नव्हतं, हातात जेवढा पुरावा होता त्यात ते बसत होतं.

ही कोंडी फोडली दोघांनी. साल्वादोर लुरिया हा तुरिनचा, शिक्षणाने डॉक्टर, ज्यू असल्यामुळे मुसोलिनीच्या वंशवादी कायद्यांनंतर इटली सोडून पॅरिसला गेला आणि १९४० मध्ये जर्मन फौजा पॅरिसला आल्या तेव्हा तिथूनही निघून शेवटी अमेरिकेत पोचला. मॅक्स डेलब्रुक हा बर्लिनचा, थिऑरेटिकल फिजिक्सवाला, नील्स बोरच्या एका भाषणाने त्याला बायॉलॉजीकडे ओढलं ते कायमचं. १९४३ मध्ये लुरिया इंडियाना युनिव्हर्सिटीत होता आणि डेलब्रुक व्हँडरबिल्ट युनिव्हर्सिटीत, दोघंही परदेशी, कागदोपत्री शत्रुदेशाचे नागरिक. बाकीचे फिजिसिस्ट युद्धाच्या कामात गुंतलेले असताना हे दोघं बॅक्टेरिया खाणाऱ्या व्हायरसमागे, म्हणजे फाजमागे लागलेले होते. इथे औषधाच्या जागी फाज, प्रश्न मात्र तोच.

प्रयोगात दिसायचं ते असं. रसात वाढलेल्या ई. कोलाय बॅक्टेरियाने टेस्ट ट्यूब गढूळ होते. त्यात फाज टाकला की काही तासांत ट्यूब स्वच्छ, पलीकडचं आरपार दिसावं इतकी, कारण बॅक्टेरिया फुटून मेलेले असतात. तीच ट्यूब तशीच राहू दिली की साधारण दुसऱ्या दिवशी ती परत गढूळ! आता जे वाढलेत त्यांच्यावर तो फाज कितीही ओता, काही होत नाही, आणि त्यांची पिल्लावळही तशीच. म्हणजे गुण टिकाऊ आहे, वारशाने जातोय. आला कुठून हा प्रश्न तसाच.

लुरियाने मोजायचं ठरवलं, वेगवेगळ्या कल्चरमधले, म्हणजे वेगवेगळ्या ट्यूबमध्ये वाढवलेल्यांमधले, टिकलेले बॅक्टेरिया मोजायचे. पण आकडे काही केल्या स्थिर येईनात, एकदा अगदी कमी, एकदा भरमसाट. कोणालाही वाटेल की हात चुकतोय, मोजमाप नीट होत नाहीये, आणि साधारणपणे अशा वेळी आपण काय करतो तर जास्त वेळा मोजतो, सरासरी काढतो आणि पुढे जातो. तो स्वतः सांगायचा की युनिव्हर्सिटीतल्या लोकांच्या एका डान्स पार्टीत एक सहकारी स्लॉट मशीनमध्ये नाणी टाकत होता, बराच वेळ काहीच नाही आणि मग एकदम जॅकपॉट, आणि ते बघताना त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. आकडे उड्या मारतायत हीच तर माहिती आहे! मग त्याने प्रयोग मांडला, डेलब्रुकला पत्राने कळवलं आणि डेलब्रुकने त्याचं गणित करायला घेतलं.

हा विचार नीट बघण्यासारखा आहे, म्हणून इथे जरा थांबू.

समजा बॅक्टेरिया फाज भेटल्यावर 'सरावतात'. म्हणजे प्रत्येक बॅक्टेरियाला वाचायची एक अगदी बारीक संधी, कोटीत एखादी, आणि ती संधी फाज समोर आल्यावरच. मग वीस ट्यूबमध्ये सारखेच बॅक्टेरिया वाढवून प्रत्येक ट्यूब फाजने भरलेल्या प्लेटवर (बॅक्टेरिया वाढवायच्या चपट्या बशीवर) ओतली तर प्रत्येक प्लेटवर साधारण सारख्याच कॉलनी, म्हणजे एकेका वाचलेल्या बॅक्टेरियापासून वाढलेले ठिपके, यायला हव्यात, एखाद्यावर दोन कमी, एखाद्यावर तीन जास्त. अशा विरळ घटनांचा हिशोब फ्रेंच गणिती प्वासाँने एकोणिसाव्या शतकातच करून ठेवला होता आणि त्याची खूण साधी आहे, सरासरी जितकी, व्हेरियन्सही तितकाच. व्हेरियन्स म्हणजे आकडे सरासरीपासून किती लांब पसरलेत त्याचं माप, प्रत्येक आकडा सरासरीपासून किती दूर आहे त्याचा वर्ग करायचा आणि त्या वर्गांची सरासरी घ्यायची, बस.

आता उलट समजा. म्युटेशन फाज यायच्या कितीतरी आधी, ट्यूबमध्ये बॅक्टेरिया वाढत असतानाच, कधीही होतं, आणि फाजशी त्याचा काही संबंध नाही. मग ते कधी झालं यावर सगळं ठरतं. शेवटच्या विभाजनात झालं तर एक-दोन टिकाऊ बॅक्टेरिया. सहा पिढ्या आधी झालं तर दर पिढीला दुप्पट होत ६४. दहा पिढ्या आधी झालं तर हजारावर. चक्रवाढ व्याजासारखंच आहे हे, रक्कम तीच पण कधी ठेवली त्यावर शेवटचा आकडा ठरतो. बहुतेक ट्यूबमध्ये म्युटेशन होणारच नाही किंवा उशिरा होईल, म्हणून शून्य किंवा दोन-चार कॉलनी, आणि एखाद्या ट्यूबमध्ये ते लवकर होऊन जाईल तिथे एकदम ढीग. म्हणजे व्हेरियन्स सरासरीच्या कितीतरी पट.

दोन्ही कल्पना सरासरीबद्दल भांडतच नाहीत, सरासरी कितीही येऊ शकते. भांडण आहे ते पसाऱ्यावर. मला विचाराल तर विसाव्या शतकातल्या विज्ञानातला हा सगळ्यात देखणा विचार आहे, कारण यासाठी नवं यंत्र लागलं नाही, नवं रसायन लागलं नाही, जो गोंधळ म्हणून फेकून दिला गेला असता त्याच्याकडे नीट बघितलं एवढंच.

आणि तुलना सुद्धा किती चोख बघा. एकीकडे वीस छोटी कल्चर, प्रत्येकी ०.२ मिलिलिटर, प्रत्येक मोजक्याच बॅक्टेरियापासून स्वतंत्र वाढवलेलं. दुसरीकडे एकच मोठं कल्चर, नीट ढवळून त्यातून तेवढेच ०.२ मिलिलिटरचे दहा नमुने काढलेले. मोठ्यातल्या नमुन्यांचे आकडे आले १४, १५, १३, २१, १५, १४, २६, १६, २०, १३. शहाण्यासारखे, सगळे आसपास, सरासरी सतराच्या जवळ आणि व्हेरियन्सही त्याच घरात. म्हणजे हात चुकत नव्हता, मोजणी व्यवस्थित होती. आता वीस स्वतंत्र ट्यूब: १, ०, ३, ०, ०, ५, ०, ५, ०, ६, १०७, ०, ०, ०, १, ०, ०, ६४, ०, ३५. वीसपैकी अकरा चक्क शून्य, आणि एक १०७! सरासरी ११ च्या थोडी वर आणि व्हेरियन्स सातशेच्या आसपास. जवळपास साठ पट. 'सराव' कल्पनेत हे बसवायला काही जागाच उरत नाही.

पेपर १९४३ मध्ये 'जेनेटिक्स' या जर्नलमध्ये आला, प्रयोगाचा भाग लुरियाचा, गणिताचा डेलब्रुकचा. त्यातच अजून एक सुंदर गोष्ट आहे. म्युटेशन किती वेळा होतं हा दर कसा काढायचा? सरासरीवरून काढायला गेलात तर एक जॅकपॉट सगळं बिघडवतो. म्हणून शून्य आलेल्या ट्यूब मोजायच्या. शून्य म्हणजे त्या ट्यूबमध्ये एकदाही म्युटेशन झालं नाही, मग लवकर की उशिरा हा प्रश्नच नाही. वीसात अकरा शून्य, म्हणजे ०.५५, प्वासाँच्या सूत्रात घातलं की एका ट्यूबमागे सरासरी ०.६ म्युटेशन निघतात, त्याला ट्यूबमधल्या बॅक्टेरियांच्या संख्येने भागा. दर इतका लहान निघतो की कोट्यवधी पेशींमागे एखाद-दुसरं म्युटेशन. इतकी विरळ घटना, ती घडताना कोणी पाहिलेली नाही, आणि तिचा वेग मोजला रिकाम्या प्लेटा मोजून.

पूर्ण गणित मात्र किचकट आहे, जॅकपॉटसारखे अवाढव्य आकडे त्यात अधूनमधून येतच राहतात, म्हणजे त्या वितरणाची शेपटी इतकी लांब असते की साधी सूत्रं हात टेकतात. १९४९ मध्ये ली आणि कूल्सन यांनी ते बरंच सुटसुटीत केलं आणि आजही स्टॅटिस्टिक्सवाले यावर पेपर लिहितात.

सगळ्यांना हे लगेच पटलं असं नाही, गणितातून आलेला पुरावा डोळ्यांना दिसत नाही ना. मग १९५२ मध्ये विस्कॉन्सिन युनिव्हर्सिटीत एस्थर आणि जोशुआ लेडरबर्ग यांनी मखमलीचं कापड घेतलं, कॉलनी असलेल्या प्लेटवर दाबलं आणि तोच ठसा फाज असलेल्या दुसऱ्या प्लेटांवर उठवला. टिकणाऱ्या कॉलनी सगळ्या प्लेटांवर त्याच जागी उगवल्या. मग मूळ प्लेटवर, जिथे फाज पोचलाच नव्हता, त्या जागेवरचे बॅक्टेरिया उचलून बघितले तर टिकणारे तिथे आधीपासून होते. लुरिया आणि डेलब्रुकला १९६९ चं नोबेल अल्फ्रेड हर्शीबरोबर मिळालं.

याचा माणसाच्या आयुष्याशी थेट संबंध कुठे येतो तर टीबीमध्ये. १९४० च्या दशकात टीबीवर स्ट्रेप्टोमायसिन हे औषध आलं तेव्हा पेशंट आधी झपाट्याने सुधारायचे आणि मग बऱ्याच जणांचा आजार उलटायचा, कारण टिकणारे जंतू वाढलेले असायचे. पुढे १९७० मध्ये लुरियाच्या याच पद्धतीने (हिला फ्लक्चुएशन टेस्ट म्हणतात) टीबीच्या जंतूंचे दर मोजले गेले: आयसोनियाझिड या टीबीच्या औषधाला न जुमानणारं म्युटेशन एका पिढीत साधारण चार कोटींत एक, रिफॅम्पिसिन या दुसऱ्या औषधाला साडेचारशे कोटींत एक. फुफ्फुसातल्या एका पोकळीत दहा कोटी जंतू असू शकतात, म्हणजे एकटं आयसोनियाझिड दिलं तर त्याला पुरून उरणारा जंतू पहिल्या गोळीच्या आधीच तिथे बसलेला असण्याची चांगलीच शक्यता आहे. पण दोन औषधं एकदम दिली तर एकाच जंतूत दोन्ही म्युटेशन हवीत, दोन्ही शक्यतांचा गुणाकार करायचा, आणि मग दहा कोटी जंतूसुद्धा कमी पडतात. टीबीत एकदम तीन-चार गोळ्या का देतात आणि त्यातली एखादी मनाने बंद केली तर डॉक्टर इतके का चिडतात, ते या गुणाकारामुळे. आणि हो, सुरुवातीला म्हटलं ते 'सवय झाली' इथे खरोखर घात करतं, कारण सवय म्हटलं की वाटतं औषध कमी दिवस घेतलं तर सवय कमी होईल.

पण या प्रयोगाच्या नावाने 'बॅक्टेरियात सगळं फक्त योगायोगाने होतं' असंही म्हणू नये. फाज समोर आल्यावर बॅक्टेरिया लगेच मरतो, बदलायला त्याच्याकडे वेळच नसतो, त्यामुळे हळूहळू उपासमार होत असताना काय होतं हे या प्रयोगाने सांगितलेलं नाही. १९८८ मध्ये जॉन केर्न्स आणि सहकाऱ्यांनी नेमका हाच मुद्दा काढला आणि वर्षानुवर्षं वाद चालला. ताण पडला की काही बॅक्टेरियात म्युटेशनचा दर एकूणच वाढतो हे त्यातून पुढे आलं, जीन्सच्या जादा प्रती तयार होतात हेही आलं, पण बॅक्टेरिया आपल्याला हवं तेच म्युटेशन निवडून घडवतो असं काही टिकलं नाही. आणि २००७ मध्ये सिद्ध झालं की क्रिस्पर नावाची संरक्षण यंत्रणा असलेले बॅक्टेरिया हल्ला करणाऱ्या फाजच्या डीएनएचा तुकडा कापून स्वतःच्या डीएनएत बसवतात आणि पुढच्या पिढ्यांना देतात. म्हणजे अनुभवातून आलेली आणि वारशाने जाणारी प्रतिकारशक्ती निसर्गात आहे, लुरियाच्या ट्यूबमध्ये ती नव्हती एवढंच.

हीच टेस्ट आता कॅन्सरच्या पेशींवर वापरतात आणि तिथे तिने वेगळंच उत्तर दिलं. पेनसिल्व्हेनिया युनिव्हर्सिटीतल्या गटाने २०१७ मध्ये मेलानोमाच्या, म्हणजे त्वचेच्या कॅन्सरच्या पेशी वेगवेगळ्या वाढवल्या, त्यांना औषध दिलं आणि टिकलेल्या कॉलनी मोजल्या. आधीच्या म्युटेशनमुळे पेशी टिकत असत्या तर जॅकपॉट दिसायला हवे होते. ते अपेक्षेइतके दिसलेच नाहीत, आकडे प्वासाँच्या बरेच जवळ. शोध घेतल्यावर कळलं की हजारो पेशींत एखादी पेशी काही काळापुरती अशा अवस्थेत जाते जिथे काही ठरावीक जीन्स एकदम जोरात चालू असतात, पुन्हा नेहमीसारखी होते, आणि नेमक्या त्या वेळात औषध आलं तर ती मरत नाही, उलट औषधाच्या दबावाखाली तीच अवस्था कायमची होऊन बसते. मग २०२० मध्ये याच लोकांनी टेस्टचा पुढचा अवतार आणला: छोट्या छोट्या वसाहती एकेका पेशीपासून वाढवायच्या, प्रत्येकीत कोणता जीन किती चालू आहे ते मोजायचं, आणि ज्या जीन्सचे आकडे वसाहतीगणिक उड्या मारतात ते वेगळे काढायचे, कारण उडी मारतोय याचा अर्थ ती अवस्था काही पिढ्या तरी आईकडून लेकीकडे जातेय.