घरातील वाळवीचा प्रादुर्भाव ओळखणे

वाळवी किंवा उधई हा वसाहत करून राहणारा आणि लाकूड, कागद, सुती कापड यांतील सेल्युलोजवर जगणारा कीटक. तिला ‘पांढरी मुंगी’ म्हणतात खरे, पण ती मुंगी नव्हे. ती झुरळांच्या गणातली आहे. जगात तिच्या सुमारे ३,००० जाती आढळतात. घरांना उपद्रव देणाऱ्या त्यांतल्या थोड्याच. कामकरी वाळवीचे अंग मऊ असते आणि कोरड्या हवेत ती लवकर सुकते, म्हणून ती उघड्यावर फिरत नाही. घरात तिचा शोध घेताना किडा दिसण्याची वाट पाहू नये, तिच्या खुणा पाहाव्यात.

सर्वांत भरवशाची खूण मातीच्या नळीची. जमिनीत राहणारी वाळवी माती, लाळ व विष्ठा कालवून साधारण पेन्सिलीएवढ्या जाडीची झाकलेली वाट बांधते आणि भिंतीवरून लाकूड गाठते. जोते, जिन्याखालची जागा, नळांसाठी पाडलेली भोके, दाराच्या चौकटीचे पाय आणि कपाटाची भिंतीला टेकलेली पाठ टॉर्च लावून तपासावी. नळी सापडली की ती सगळी खरवडून टाकावीशी वाटते. पण तसे केल्यास पुरावाही जातो. मधला बोटभर तुकडा तेवढा फोडावा. आत पांढुरके किडे दिसले तर शंकेला जागा नाही. न दिसल्यास काही दिवसांनी पुन्हा पाहावे. फोडलेल्या जागी ओलसर, गडद माती नव्याने लिंपलेली असेल, तर वाट चालू आहे. उलट, नळी कोरडी व ठिसूळ निघाली म्हणून घर सुटले असे समजू नये. वाळवीने दुसरी वाट धरलेली असू शकते.

लाकूड ती आतून खाते आणि वरचा पापुद्रा, कधी नुसता रंगाचा थर, शाबूत ठेवते. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने चौकट खालून वर ठोकत गेले, की पोखरलेल्या जागी आवाज पोकळ येतो. तिथे टोक दाबल्यास ते सहज आत रुतते. आत मऊ थर खाल्लेले, कठीण थर पानांसारखे सुटे उरलेले आणि मधल्या फटींत माती दिसते. रंगाला आलेले फुगे किंवा अडकू लागलेले दार ही लक्षणे नुसत्या ओलीनेही दिसतात. तेवढ्यावर निदान करू नये.

पंख फुटलेली वाळवी अनेकदा पावसानंतर थव्याने बाहेर पडते आणि लवकरच पंख टाकते. दिव्याकडे ओढली जात असल्याने ती बाहेरूनही घरात येते. पण बंद खोलीत, भिंतीच्या फटीपाशी पंखांचा खच पडला असेल तर वसाहत घरातच असण्याचा संभव मोठा. तिचे चारही पंख जवळपास सारख्या लांबीचे, मिशा सरळ आणि कंबर जाड असते. पंखवाल्या मुंगीचे पुढचे पंख मोठे, मिशा कोपरासारख्या वळलेल्या आणि कंबर बारीक असते.

कोरड्या लाकडातच राहणाऱ्या जाती मातीच्या नळ्या बांधत नाहीत, आणि त्या हमखास नजरेतून सुटतात. त्यांची खूण म्हणजे बारीक छिद्राखाली साचलेली कणीदार विष्ठा. जवळपास १ मिमी लांबीच्या प्रत्येक कणाला भिंगाखाली सहा बाजू दिसतात. लाकूड पोखरणाऱ्या काही भुंगेऱ्यांची भुकटीही अशीच छिद्राखाली साचते. चिमटीत चोळून पाहावे: ती मैद्यासारखी मऊ लागते, वाळवीचे कण वाळूसारखे खरखरतात.