चार आसनी विमान घरी बांधायचे तर: खर्चाची मुळे आणि बडोद्यातल्या अडचणी

अमेरिकेने १९५२ मध्ये हौशी बांधणीच्या विमानांना वेगळा वर्ग दिला. मुख्य अट अशी, की निम्म्याहून जास्त काम हौशी माणसाच्या हातचे हवे. तरी बराच काळ बहुतेकांनी एक-दोन आसनीच बांधली. १९६८ मध्ये जिम बीडींचे बीडी-४ आले, बोल्टने जोडायच्या ॲल्युमिनियम अँगलचा सांगाडा असलेले चार आसनी. पंखातल्या इंधन टाक्यांचे सांधे गळणे हे त्याचे नेहमीचे दुखणे.

खरी अडचण वजनाची. २००३ च्या आरव्ही-१० चा, म्हणजे कंपनीच्या किटमधले सुटे भाग जोडून घरी बांधायच्या चार आसनी विमानाचा, हिशोब पाहा. कमाल वजन १,२२५ किलो, रिकामे विमान साधारण ७२५. उरले ५००. टाक्या भरल्या की २२७ लिटर, म्हणजे १६३ किलो गेले. ऐंशी किलोची चार माणसे बसवा, सामानाला राहतात जेमतेम सतरा. जाड गाद्या आणि रंगाचा जादा हात याच सतरातून वजा होतात! शिवाय एवढे ओझे उचलायला २६० अश्वशक्तीचे इंजिन लागते, आणि ते तासाला पंचेचाळीस-पन्नास लिटर पिते. इंजिन आणि प्रोपेलर मिळून एकूण खर्चाचा तिसरा हिस्सा सहज खातात, म्हणून नुसत्या किटच्या किमतीवर बजेट बांधू नये.

तीही किंमत स्थिर नसते. हेच किट बनवणाऱ्या व्हॅन्स कंपनीने काही भागांची भोके लेसरने पाडून घेतली होती. डिंपल करताना, म्हणजे रिव्हेटचे डोके पत्र्यात सपाट बसावे म्हणून भोकाची कड दाबताना, त्या कडांना चिरा पडू लागल्या. भाग बदलून देण्याचा भार मोठा होता. डिसेंबर २०२३ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या संरक्षणाखाली गेली आणि आधीच्या ऑर्डरींचे भावही सरासरी तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास वाढले.

आपल्याकडे वैमानिक अमोल यादव यांनी कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी बांधले. २०१६ मध्ये ते मुंबईत लोकांनी पाहिले, नोंदणी मिळाली नोव्हेंबर २०१७ मध्ये. कागदपत्रांचा वेळ वेगळाच धरा. बांधणीचे दोन हजार तास आठवड्याला दहा या हिशोबाने चार वर्षे घेतात, तेवढ्या काळाचे जागेचे भाडेही आले. आरव्ही-१० च्या पंखांचा विस्तार पावणेदहा मीटर. पंख सुटे बनतात, पण शेवटची जुळणी वाड्याच्या चौकात होणार नाही, मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत शेडच हवी. पावसाळ्यात पत्र्यावर ओरखडा उठला तर त्याच दिवशी प्रायमर मारावा, नाहीतर गंज धरतो.

इंधनात मात्र बडोद्याचे नशीब चांगले. एव्हीगॅस १०० एलएल, म्हणजे छोट्या विमानांचे शिसे घातलेले पेट्रोल, पूर्वी परदेशातून येई, २०२२ पासून इंडियन ऑइल ते बडोद्याजवळच्या कोयलीच्या रिफायनरीत बनवते. पंपावरच्या पेट्रोलवर चालेल म्हणून रोटॅक्स ९१५ हे इंजिन निवडणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे: त्याला दहा टक्क्यांपर्यंतच इथेनॉल चालते आणि पंपावर आता ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल आहे. म्हणजे त्यालाही एव्हीगॅसच घालावे लागेल. त्यातल्या शिशाचा गाळ तेलात साठतो, त्यामुळे तेल एरवीपेक्षा निम्म्याच उड्डाण-तासांनंतर बदलावे लागते.